दरबारी चित्रकाराचे पद आणि लुकास क्रानाखची चित्रशाळा

जर्मनीतील वायमार या नगरात लुकास क्रानाख या चित्रकाराचा इ. स. १५५३ मध्ये अंत झाला. त्याच्या थडग्यावरील शिळेवर त्याचे वर्णन 'पिक्टोर सेलेरिमुस' या लॅटिन शब्दांनी केलेले आहे. त्याचा अर्थ 'अत्यंत शीघ्र गतीने काम करणारा चित्रकार' असा होतो. मृत कलावंताचा गौरव करताना त्याच्या वेगाचा उल्लेख व्हावा ही गोष्ट पुढील काळातील काही अभ्यासकांना इतकी विचित्र वाटली की, मूळ शब्द 'सेलेबेरिमुस', म्हणजे 'सुविख्यात', असावा आणि शिळा कोरणाऱ्याच्या हातून दोन अक्षरे गळाली असावीत, असा तर्क त्यांनी केला. परंतु क्रानाखच्या जीवनाचा आणि त्याने जवळजवळ अर्धशतक सांभाळलेल्या पदाचा विचार केला, तर हा शब्द प्रमादाने आलेला नसून जाणीवपूर्वक योजलेला असावा असेच मानावे लागते. शीघ्रता हा त्याच्या कलेतील दोष नव्हता. ज्या पदावर तो नियुक्त होता त्या पदाची ती पहिली अपेक्षा होती.

दरबारी चित्रकार या पदाचे स्वरूप प्रथम ध्यानात घेणे अगत्याचे आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मन नगरांतील सामान्य चित्रकार हा कारागीर-संघाच्या नियमांनी बांधलेला असे. किती शागीर्द ठेवावयाचे, कोणत्या अटींवर काम स्वीकारावयाचे, यांवर अनेक ठिकाणी संघाचे नियंत्रण असे. राजाच्या पदरी असलेला चित्रकार या बंधनांच्या बाहेर होता. त्याला ठरीव वार्षिक वेतन मिळे, वस्त्रे मिळत आणि केलेल्या कामाचा मोबदला बहुधा निराळा मिळे. याच्या बदल्यात दरबाराला जे जे रंगवून हवे असेल ते सर्व पुरविण्याची जबाबदारी त्याच्यावर येई. त्यात वेदीचित्रे, म्हणजे चर्चमधील वेदीवर उभे करावयाचे चित्रफलक, आणि राजपुरुषांची व्यक्तिचित्रे तर होतीच. पण त्यांच्या जोडीला किल्ल्यांच्या भिंती, निशाणे, ढाली, स्पर्धायुद्धातील घोड्यांच्या झुली, बर्फावरील गाड्या आणि लग्नातील पलंग हेही रंगवावे लागत. आज 'कला' आणि 'सजावट' यांत जो भेद केला जातो, तो या पदाला ठाऊक नव्हता.

लुकासचा जन्म १४७२ च्या सुमारास फ्रँकोनिया प्रांतातील क्रोनाख या लहानशा गावी झाला. त्याचा पिता हान्स हाही चित्रकारच होता आणि प्रारंभीचे शिक्षण त्याला पित्याजवळ मिळाले असावे. पुढे जन्मगावाचे नावच त्याने आडनाव म्हणून धारण केले. वयाची जवळजवळ तीस वर्षे होईपर्यंतचा त्याचा जीवनवृत्तान्त फारसा उपलब्ध नाही. त्यानंतर मात्र व्हिएन्ना येथे तो एकदम एक प्रगल्भ चित्रकार म्हणून आपल्यासमोर येतो. तेथील विद्यापीठाच्या परिसरातील मानवतावादी विद्वानांशी त्याचा संबंध आला. योहानेस कुस्पिनियान हा विद्वान आणि त्याची पत्नी आना यांची त्याने रंगविलेली जोडचित्रे त्या काळच्या उत्कृष्ट व्यक्तिचित्रांत गणली जातात. १५०३ मधील 'क्रुसारोहण' या चित्रात त्याने क्रूस समोरून न दाखविता एका बाजूने दाखविला आहे आणि काळवंडलेले आकाश व वाऱ्याने फडफडणारे वस्त्र यांतून त्या प्रसंगातील क्षोभ प्रकट केला आहे. १५०४ च्या 'इजिप्तकडे जाताना विश्रांती' या चित्रात पवित्र कुटुंब जर्मन अरण्यातील देवदाराच्या छायेत विसावलेले आहे. मानवी भावना आणि निसर्ग यांचा असा एकजीव मेळ घालणाऱ्या डॅन्यूब नदीच्या परिसरातील चित्रपरंपरेच्या प्रारंभकांत क्रानाखची गणना होते.

१५०५ मध्ये त्याच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले. साक्सनीचा अधिपती तिसरा फ्रीडरिख, ज्याला इतिहासात 'प्राज्ञ' हे उपपद लाभले आहे, याने त्याला विटेनबर्ग येथे आपला दरबारी चित्रकार नेमले. साक्सनीचा अधिपती हा पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाची निवड करणाऱ्या सात निर्वाचकांपैकी एक होता. त्यामुळे त्याच्या दरबाराची प्रतिष्ठा मोठी होती. विटेनबर्ग हे गाव मात्र लहान होते. फ्रीडरिखने १५०२ मध्ये तेथे विद्यापीठ स्थापन केले होते आणि या गावाला राजधानीचे तेज प्राप्त करून देण्याच्या कामी त्याला चित्रकाराची गरज होती. याकोपो दे बार्बारी हा व्हेनिसचा चित्रकार यापूर्वी त्याच्या पदरी राहून गेला होता. क्रानाखला वार्षिक १०० गुल्डन वेतन ठरले. फ्रीडरिख, त्याचा भाऊ योहान आणि योहानचा पुत्र योहान फ्रीडरिख अशा तीन अधिपतींची सेवा त्याने या पदावरून केली.

या काळातील त्याच्या कामाची कल्पना विटेनबर्ग विद्यापीठातील विधिशास्त्राचा प्राध्यापक क्रिस्टोफ शॉयर्ल याच्या लेखनावरून येते. शॉयर्लने १५०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषणाच्या अर्पणलेखात क्रानाखची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. कोबुर्ग येथील किल्ल्यात त्याने रंगविलेली सांबराची शिंगे इतकी खरी वाटत की, पक्षी त्यांवर बसण्यासाठी झेपावत आणि खाली पडत, असे तो सांगतो. प्राचीन ग्रीक चित्रकारांविषयीच्या आख्यायिकांच्या धर्तीवर रचलेली ही प्रशंसा शब्दशः घेण्याचे कारण नाही. तथापि या स्तुतीत क्रानाखच्या कामाच्या विलक्षण वेगाचाही आवर्जून उल्लेख आहे. थडग्यावरील विशेषणाचे मूळ अशा रीतीने चव्वेचाळीस वर्षे मागे जाते.

६ जानेवारी १५०८ रोजी फ्रीडरिखने क्रानाखला कुलचिन्ह बहाल केले. वटवाघळासारखे पंख असलेला, मस्तकावर मुकुट धारण केलेला आणि मुखात माणकाची अंगठी धरलेला सर्प, असे ते चिन्ह होते. तेव्हापासून त्याच्या चित्रांवर स्वाक्षरीच्या जागी हा सपक्ष सर्प दिसू लागतो. या चिन्हाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आजच्या दृष्टीने स्वाक्षरी म्हणजे हे चित्र अमुक व्यक्तीने स्वतः काढले याची ग्वाही होय. क्रानाखचा सर्प अशी ग्वाही देत नाही. हे चित्र क्रानाखच्या चित्रशाळेतून बाहेर पडले आहे आणि त्याच्या दर्जाची हमी त्या घराने घेतली आहे, एवढेच तो सांगतो. ते एका व्यक्तीच्या हाताचे नव्हे, तर एका घराण्याच्या व्यवसायाचे चिन्ह होते. क्रानाखचे हान्स आणि लुकास हे दोन्ही पुत्र याच चित्रशाळेत तयार झाले. थोरला हान्स १५३७ मध्ये इटलीत बोलोन्या येथे मरण पावला. त्याच वर्षापासून सर्पाचे उभारलेले वटवाघळाचे पंख जाऊन त्यांच्या जागी मिटलेले पक्ष्याचे पंख दिसू लागतात. हा बदल पुत्रशोकाचा निदर्शक मानावा, की धाकट्या लुकासकडे चित्रशाळेचा भार सोपविल्याचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

चित्रशाळेची कार्यपद्धती अत्यंत व्यवस्थित होती. लाकडी फलकांची मापे ठरावीक असत. त्यामुळे फलक आगाऊ तयार करून ठेवता येत आणि चौकटी जुळविणे सोपे जाई. राजपुरुष एकदा समोर बसला की त्याच्या चेहऱ्याचा अभ्यास कागदावर रंगवून घेतला जाई. अशा काही अभ्यासचित्रांचा संग्रह फ्रान्समधील रँस येथे आजही आहे. पुढे त्या एका अभ्यासावरून हव्या तितक्या प्रती, कधी टोपीसह तर कधी मुकुटासह, करता येत. पोशाखाच्या भरजरी कापडाचे आणि केसांच्या वळणांचे ठरीव आकृतिबंध शागिर्दांच्या अंगवळणी पडलेले असत. चेहऱ्याची रेषा मोजकी आणि निश्चित ठेवली, छायाप्रकाशाचे सूक्ष्म खेळ टाळले, पार्श्वभूमी सपाट रंगाची केली, म्हणजे दहा निरनिराळ्या हातांनी केलेली चित्रेही एकाच घराची वाटत. व्हिएन्नाच्या काळातील आवेग विटेनबर्गमध्ये ओसरला असे जे म्हटले जाते, त्याच्या मुळाशी ही कार्यपद्धती आहे.

एवढ्या प्रतींची गरज कोणाला होती, या प्रश्नाचे उत्तर एका हिशेबात मिळते. १५३२ मध्ये निर्वाचक योहान मरण पावला आणि योहान फ्रीडरिख गादीवर आला. लगेच पुढील वर्षी क्रानाखने फ्रीडरिख आणि योहान या दोघा दिवंगत बंधूंच्या लहान आकाराच्या ६० जोडचित्रांचे पैसे घेतल्याची नोंद आहे. त्यांपैकी कित्येक चित्रांच्या खाली छापील कवने चिकटविलेली आहेत. नवा अधिपती आपल्या वारशाची सनदच या चित्रांच्या रूपाने मित्रांना आणि मांडलिकांना पाठवीत होता. छायाचित्रे आणि वृत्तपत्रे नसलेल्या त्या युगात अनुपस्थित राजाला उपस्थित करण्याचे कार्य चित्रकाराकडे होते. साठ ठिकाणी एकाच वेळी उपस्थित राहावयाचे, तर साठ प्रती वेळेवर तयार होणे भाग होते. विलंबाने पोहोचलेली अप्रतिम कलाकृती या कामी निरुपयोगी ठरली असती.

या यंत्रणेचा सर्वांत दूरगामी उपयोग मात्र एका राजपुरुषाकरिता नव्हे, तर एका मठवासीयाकरिता झाला. मार्टिन ल्यूथर हा विटेनबर्ग विद्यापीठात धर्मशास्त्राचा प्राध्यापक होता. १५१७ मध्ये त्याने पापमोचनपत्रांच्या विक्रीविरुद्ध आपले ९५ सिद्धान्त मांडले. १५२० मध्ये क्रानाखने त्याचे पहिले चित्र ताम्रपटावर कोरले. त्यात गालफडे बसलेला, डोळ्यांत निश्चयाची कठोर झाक असलेला तरुण मठवासी दिसतो. या ठशाच्या त्या काळातील प्रती फारच थोड्या सापडतात. त्याच वर्षी कोरलेल्या दुसऱ्या चित्रात ल्यूथर एका कोनाड्यासमोर उभा असून त्याच्या हाती ग्रंथ आहे आणि मुद्रा सौम्य आहे. प्रचारात आले ते हे दुसरे चित्र. साम्राज्याच्या सभेपुढे जाणारा ल्यूथर बंडखोर न वाटता धर्मनिष्ठ वाटावा, या हेतूने दरबाराने हा फेरबदल करविला असावा, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. १५२१ मध्ये ल्यूथरला वाळीत टाकण्यात आले आणि फ्रीडरिखने त्याला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपविले. आपण अज्ञातवासात जात आहोत, ही सूचना ल्यूथरने वाटेतून पत्राने ज्यांना दिली त्यांत क्रानाख होता. पुढे दाढी वाढविलेल्या, सरदाराच्या वेषातील ल्यूथरचेही चित्र क्रानाखने काष्ठठशाच्या रूपाने प्रसिद्ध केले. ल्यूथर म्हणताच जो चेहरा आज जगाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो, तो सर्वस्वी या चित्रशाळेने घडविलेला आहे.

ल्यूथरने वार्टबुर्ग येथे केलेले 'नव्या करारा'चे जर्मन भाषांतर सप्टेंबर १५२२ मध्ये विटेनबर्ग येथे प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रकाशनाचा भार क्रानाख आणि सोनार क्रिस्टियान ड्योरिंग यांनी उचलला. त्यातील 'प्रकटीकरण' या अखेरच्या भागासाठी क्रानाखच्या चित्रशाळेने २१ पूर्णपृष्ठ काष्ठठसे पुरविले. बाबिलोनच्या वारांगनेच्या मस्तकावर त्यांत पोपचा तिहेरी मुकुट दाखविला होता. यावर गदारोळ झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील आवृत्तीत ठशांतील मुकुटाचे वरचे थर कापून काढावे लागले. हा व्यवहार केवळ धंद्याचा नव्हता. दोन्ही घरांत स्नेहसंबंध होते. ल्यूथर हा क्रानाखच्या एका कन्येचा धर्मपिता होता. १५२५ मध्ये ल्यूथरने काटारिना फोन बोरा हिच्याशी विवाह केला तेव्हा क्रानाख साक्षीला होता आणि पुढील वर्षी ल्यूथरच्या पहिल्या पुत्राचा तो धर्मपिता झाला. मठवास सोडलेल्या पुरुषाने मठवास सोडलेल्या स्त्रीशी केलेला हा विवाह अनेकांना धर्मबाह्य वाटत होता. या दांपत्याची जोडचित्रे चित्रशाळेतून मोठ्या संख्येने बाहेर पडली. तो विवाह सन्मान्य गृहस्थाश्रमाच्या रूपात लोकांसमोर मांडण्याचा तो प्रयत्न होता.

येथे एक विसंगती नजरेस येते. ज्या पापमोचनपत्रांविरुद्ध ल्यूथर उभा राहिला, त्यांच्या विक्रीशी माइन्त्सचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याचा प्रत्यक्ष संबंध होता. हा आल्ब्रेख्ट पुढे कार्डिनल झाला. हाल्ल येथील त्याच्या चर्चसाठी क्रानाखच्या चित्रशाळेने १५२० नंतरच्या काही वर्षांत १६ वेदीचित्रांची भव्य मालिका तयार केली. ग्रंथांनी व प्राण्यांनी वेढलेल्या संत जेरोमच्या रूपातही क्रानाखने त्याला रंगविले. त्याआधी १५०९ मध्ये फ्रीडरिखने जमविलेल्या पाच हजारांहून अधिक पवित्र अवशेषांच्या संग्रहाचे सचित्र पुस्तकही क्रानाखनेच सजविले होते. असल्या अवशेषपूजेवर ल्यूथरने पुढे कठोर टीका केली. यावरून क्रानाखला तत्त्वशून्य ठरविणे सोपे आहे. पण तसे करणे म्हणजे एका युगाला दुसऱ्या युगाच्या मापाने मोजणे होय. त्या वर्षांत दोन्ही पंथांतील सीमारेषा अद्याप पक्की झालेली नव्हती. शिवाय चित्रकार मागणीप्रमाणे चित्र पुरवितो, त्याने आपली श्रद्धा त्यात ओतावीच असा दंडक तेव्हा नव्हता. क्रानाखचा स्वतःचा कल कोठे होता हे १५२९ मधील 'नियम आणि कृपा' या विषयावरील चित्रांवरून दिसते. त्यांत मध्यभागी एक वृक्ष असून त्याची एक बाजू वठलेली आणि दुसरी पालवलेली आहे. वठलेल्या बाजूस नियमाच्या धाकाने नरकाकडे लोटला जाणारा मानव आहे, तर पालवलेल्या बाजूस श्रद्धेने तरून जाणारा. ल्यूथरच्या शिकवणीचे हे चित्ररूप पुढे असंख्य ठिकाणी अनुकरिले गेले.

याच चित्रशाळेतून दरबारी रुचीची निराळी चित्रेही बाहेर पडत होती. शिकारीच्या प्रसंगांत शेकडो हरणे नदीत उड्या घेताना दिसतात, तर व्हीनस, ल्युक्रेशिया आणि ईव्ह यांच्या सडपातळ, लांबट, नितळ आकृती काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात. इटालियन चित्रकारांच्या शरीररचनाशास्त्राशी या आकृतींचे नाते नाही. त्यांचे सौंदर्य रेषेचे आहे, घनतेचे नाही.

क्रानाखचा ऐहिक उत्कर्षही लक्षणीय होता. विटेनबर्गमध्ये त्याची मोठी घरे होती. १५२० मध्ये त्याला औषधालय चालविण्याचा परवाना मिळाला. मद्यविक्रीचा अधिकारही त्याच्याकडे होता. १५१९ पासून तो नगरसभेचा सभासद होता आणि १५३७ ते १५४४ या काळात तीन वेळा नगराध्यक्ष झाला. विटेनबर्गच्या सर्वांत धनाढ्य नागरिकांत त्याची गणना होई.

ही सर्व समृद्धी १५४७ मध्ये पणाला लागली. २४ एप्रिल रोजी म्यूलबर्गच्या रणांगणावर सम्राट पाचव्या चार्ल्सने प्रॉटेस्टंट राजांच्या संघाचा पराभव केला. योहान फ्रीडरिख कैद झाला आणि निर्वाचकपद त्याच्या चुलत घराण्यातील मोरित्सकडे गेले. या प्रसंगीची एक हकिकत माथियास गुंडेराम याने १५५६ मध्ये लिहिलेल्या क्रानाखच्या संक्षिप्त चरित्रात आली आहे. क्रानाख १५०८ मध्ये नेदरलँड्सला गेला असताना त्याने आठ वर्षांच्या चार्ल्सचे चित्र काढले होते. विटेनबर्गजवळच्या छावणीत सम्राटाने वृद्ध चित्रकाराला बोलावून, लहानपणी आपण चित्रासाठी कसे बसलो होतो, असे विचारले. मूल चुळबूळ करीत असल्याने शिक्षकाने समोरच्या भिंतीवर शस्त्र टांगविले आणि मग त्याची दृष्टी तेथे खिळली, असे क्रानाखने सांगितले. सम्राट प्रसन्न झाल्याचे पाहून त्याने स्वतःसाठी काही न मागता गुडघे टेकून आपल्या कैदी स्वामीसाठी दयेची याचना केली. गुंडेरामचा क्रानाखच्या घराशी निकटचा संबंध होता. त्यामुळे ही हकिकत कुटुंबातील आठवणींवर आधारलेली असावी आणि तितक्याच सावधपणे ती स्वीकारली पाहिजे.

पुढे जे घडले त्याविषयी मात्र शंका नाही. १५५० मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, क्रानाखने विटेनबर्गमधील घर व चित्रशाळा धाकट्या लुकासच्या हाती सोपविली आणि तो आपल्या बंदिवान स्वामीपाशी आउग्सबुर्ग येथे गेला. त्याच सुमारास सम्राटाच्या निमंत्रणावरून व्हेनिसचा थोर चित्रकार टिशियन तेथे आला होता. टिशियनने कैदेतील योहान फ्रीडरिखचे चित्र काढले. क्रानाखने टिशियनचे व्यक्तिचित्र रंगविल्याची नोंद आहे, परंतु ते चित्र आता उपलब्ध नाही. १५५२ मध्ये योहान फ्रीडरिखची मुक्तता झाली. राज्याचा मोठा भाग गमावलेल्या त्या अधिपतीने वायमार येथे नवा दरबार थाटला आणि क्रानाखही त्याच्यासह तेथे आला. १६ ऑक्टोबर १५५३ रोजी त्याचा मृत्यू झाला. वायमारच्या संत पीटर आणि संत पॉल यांच्या चर्चमधील वेदीचित्र धाकट्या लुकासने १५५५ मध्ये पुरे केले. त्यात क्रूसाच्या पायथ्याशी बाप्तिस्मा देणारा योहान आणि ल्यूथर यांच्या मध्ये पांढऱ्या दाढीचा क्रानाख उभा आहे आणि ख्रिस्ताच्या कुशीतून निघालेली रक्ताची धार थेट त्याच्या मस्तकावर पडत आहे. धर्मगुरूच्या मध्यस्थीवाचून कृपा मिळते, हा ल्यूथरचा सिद्धान्त पुत्राने पित्याच्या स्मृतीशी जोडून दिला आहे.

क्रानाखच्या मूल्यमापनात दीर्घकाळ एक अडसर होता. माक्स फ्रीडलेंडर या मर्मज्ञाचे मत असे होते की, क्रानाख १५०५ मध्येच मरण पावला असता तर स्फोटक शक्तीचा कलावंत म्हणून तो स्मरणात राहिला असता. अर्थात विटेनबर्गची अर्धशतकाची कारकीर्द ही या दृष्टीने दीर्घ ऱ्हासाची कहाणी ठरते. या मतामागे प्रतिभावंत एकाकी असतो आणि त्याची प्रत्येक कृती अनन्य असते, ही उत्तरकालीन कल्पना आहे. अलीकडच्या काही दशकांत अवरक्त किरणांनी रंगाखालची रेखाटने पाहणे, फलकांच्या लाकडातील वाढवलयांवरून त्यांचा काळ ठरविणे आणि विखुरलेल्या चित्रांची छायाचित्रे व तांत्रिक माहिती एकत्र आणणे, असे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे. त्यामुळे 'हे चित्र गुरूचे की शिष्याचे' या प्रश्नाबरोबरच 'ही चित्रशाळा चालत कशी होती' हा प्रश्नही महत्त्वाचा मानला जाऊ लागला आहे. हजाराहून अधिक चित्रे आज शिल्लक आहेत. ती एकाच हाताची नसणे हा आता क्रानाखवरील आक्षेप राहिला नसून त्याच्या कर्तृत्वाचा एक भाग ठरला आहे.

व्हिएन्नाच्या चित्रांतील उत्कटता विटेनबर्गमध्ये कमी झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. दरबाराने क्रानाखकडून ती किंमत घेतली. पण त्या बदल्यात त्याला एक असे साधन लाभले की, ज्याच्या योगे एका राजघराण्याचे आणि एका धर्मसुधारकाचे मुख सबंध युरोपच्या परिचयाचे झाले. आणि ज्या पदाने त्याला वेतन, घरे व मान दिला, त्या पदाचा स्वामी सत्ताहीन झाल्यावरही त्याने ते पद टाकले नाही. वायमारच्या शिळेवरील शब्द त्याच्या हाताच्या वेगाविषयी आहे. त्याच्या निष्ठेचा उल्लेख त्या शब्दात नाही. परंतु तो विटेनबर्गमध्ये न पुरला जाता वायमारमध्ये पुरला गेला, याचे कारण ती निष्ठाच होय.